नोंदणी म्हणजे काय, हे मला माहीत होतं

बारावीचा निकाल लागला की आमच्या दारात चपला वाढायच्या. रोह्याच्या आमच्या आळीत डॉक्टर कोणी नाही, नर्स नाही, औषधाच्या दुकानात कामाला असलेलंसुद्धा कोणी नाही. मी होते. पेणच्या एका खाजगी प्रसूतिगृहात मी तीस वर्षं आया होते. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं आणि रोह्याला मुलाकडे येऊन राहिले. मुलगा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. माझं शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्षी मी बापाबरोबर मिठागरात होते. पण तीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई म्हणून लोक मला विचारायचे, पोरीला कुठं घालू, आणि मी सांगायचे. कोणी म्हटलं नाही की म्हातारे, तुला काय कळतं.

एकदा शेजारची बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी मोबाईलमधून मान वर काढत नव्हती.

"काकी, हिला दवाखान्याच्या लायनीत घालायची हाय. कशात घालू?"

"मासळी साफ करते का ती?"

"नाय गो काकी. नाक धरून पळते."

"मग बँकेत घाल. तिथं वास येत नाय."

मुलगी हसली. आई हसली नाही, पण उठताना पाया पडून गेली.

माझी परीक्षा अशी असायची. मासळीचा वास, रक्त आणि हात. हात बघायची माझी एक रीत होती. आळीत कोणाचं तरी तान्हं पोर झोपलेलं असायचंच. त्याच्या अंगाखालचं ओलं दुपटं काढून कोरडं घालायला सांगायचे. पोर उठलं तर हात जड, नाही उठलं तर हलका. हात हलका असेल तर हाताला गुण येतो, आणि गुण असला की पेशंट त्याच हाताची सुई मागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे ही रीत चुकीची आहे असं मला आजही वाटत नाही. अपुरी आहे, एवढं कळलं.

माझ्या नातीचा हात हलका आहे. मुलाची ती एकुलती एक. दुपटं तर ती सातवीत असतानाच काढायची, पोराच्या तोंडातलं बोटसुद्धा हलत नसे. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बारावी सायन्सला मार्क बरे पडले, पण डॉक्टरकीच्या परीक्षेत फार खाली आली. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली.

त्याच पावसाळ्यात रोह्यातल्या एका शाळेत मार्गदर्शन ठेवलं होतं, वैद्यकीय क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी. पालकांनी यावं असं लिहिलं होतं. मुलाची सकाळची शिफ्ट, सून माहेरी भाताच्या लावणीला गेलेली. म्हणून मी गेले. गेले म्हणजे ऐटीत गेले. त्या हॉलमध्ये डॉक्टरच्या शेजारी उभी राहिलेली मी एकटी असणार, असं माझ्या मनात होतं.

पनवेलहून एक सर आले होते. पडद्यावर एकेक चित्र दाखवत सांगत होते. डॉक्टर नाही झालात म्हणून दार बंद होत नाही, म्हणाले. फिजिओथेरपी, फार्मसी, एक्स-रे काढणारे, डायलिसिसचं मशीन चालवणारे, डोळे तपासणारे, ऑपरेशनच्या खोलीत हाताखाली राहणारे, रक्त तपासणारे. मी तर मोजायचं सोडून दिलं. एका चित्रात काचेखालचं रक्त होतं, भाकरीवर तीळ टाकावेत तसं. नातीने माझा हात दाबला.

"आजी, बघ ना. एवढ्यावरून कळतं माणसाला काय झालंय."

"मला चेहऱ्यावरून कळायचं," मी म्हटलं.

शेवटी सर म्हणाले, "कुठेही पैसे भरण्याआधी, नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा. हा कोर्स झाल्यावर माझी नोंदणी होणार का? कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर तुमच्या हातातला कागद म्हणजे नुसता कागद." हे त्यांनी दोनदा सांगितलं. मुलं लिहून घेत होती. नात पण लिहीत होती. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "नोंदणीचं तू नको बघू. ते माझ्याकडे लागलं."

मी असं का म्हटलं ते सांगते. नोंदणी हा शब्द मी तीस वर्षं वापरला होता. आमच्याकडे बाळंतपण झालं की फॉर्म भरायचा, मुलगा की मुलगी, वेळ, वजन, आईबापाचं नाव, आणि तो नगरपालिकेत नेऊन द्यायचा. ते काम माझं. आठवड्यातून एकदा कागदांची पिशवी घेऊन मी जायचे. तिथला कारकून मला बघून म्हणायचा, "आली नोंदणीवाली." पेणमध्ये आज जी तिशीची माणसं फिरतात त्यातल्या कितीतरी जणांची नोंदणी माझ्या पिशवीतून गेलेली आहे. कौन्सिल म्हणजे नगरपालिका, हेही मला माहीत होतं. पाटीवर इंग्रजीत तसंच लिहिलेलं असतं असं कारकुनानेच मला सांगितलं होतं. तेव्हा सर नोंदणी म्हणाले, कौन्सिल म्हणाले, आणि मला वाटलं, एवढंच ना. मी माहीत नव्हतं म्हणून चुकले नाही. मला पक्कं माहीत होतं म्हणून चुकले.

नातीने लॅबच्या डिप्लोमाचा अर्ज भरला. पहिल्याच यादीत नाव लागलं. कॉलेज जिल्ह्याबाहेर, होस्टेलला राहायचं. मुलगा म्हणाला, "जाऊ दे. पोरगी हुशार आहे." मी म्हटलं, "थांब."

मला तिला सिस्टर करायची होती. त्याचं कारण काही मोठं नाही. दवाखान्यात दोन प्रकारच्या बायका असतात. एकीला सिस्टर म्हणतात, दुसरीला मावशी. मी मावशी. पंचविशीत होते तेव्हाही मावशी, बाळंतिणीच्या पन्नाशीतल्या सासूसाठीही मावशीच. एकदा वाशीच्या बाजूची एक पोर सकाळपासून अडलेली. माझ्या मनगटात तिची नखं रुतलेली होती, संध्याकाळी ती सुटली. बाहेर येऊन मी सांगितलं, मुलगी झाली. बाळाचा बाप पेढ्यांचा पुडा धरून उभा होता. मला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, सिस्टरना येऊ द्या." मी बाजूला झाले. मनात धरण्यासारखं काही नव्हतं, तो बिचारा आनंदात होता. पण मी धरलं.

म्हणून त्या दिवशी मी नातीला म्हटलं, "लॅबवाल्याला कोण ओळखतं? पडद्याआड बसायचं, लोकांच्या लघवीच्या बाटल्या हुंगायच्या. पेशंट बरा झाला तर कोणी लॅबच्या पाया पडत नाही."

"आजी, मला कोणी पाया पडायला नको आहे."

"आज नको. उद्या हवंसं वाटेल. आपल्या पेणच्या दवाखान्यात नर्सिंगचा वर्ग आहे. एक वर्षाचा. घरून जाऊन येऊन करशील. डॉक्टर ओळखीचे. शिकता शिकता काम. माझ्यासमोर किती पोरी तिथं सिस्टर झाल्या."

"सरांनी सांगितलं होतं, नर्सिंग तीन-चार वर्षांचं असतं."

"सर पनवेलचे. मी तिथली."

तिने बापाकडे बघितलं. बापाने माझ्याकडे बघितलं. "आईने आयुष्य काढलंय तिथं," तो म्हणाला. लॅबची जागा सोडून दिली. ती सोडताना मोबाईलवर एक बटण दाबावं लागतं. ते तिने माझ्यासमोर दाबलं.

वर्षभर ती सकाळच्या गाडीने रोह्याहून पेणला जायची. मी डबा द्यायचे. ती पटकन शिकली. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्यांना सलाईन लावायला तिलाच बोलवायचे. वर्ष झालं, तिला प्रमाणपत्र मिळालं, सोनेरी कडेचं, शिक्का मारलेलं. मी ते काचेत बसवून घेतलं. मग ती तिथेच कामाला लागली. आळीतल्या बायका तिला सिस्टर म्हणायला लागल्या. कोणाचं बीपी बघ, कोणाच्या ड्रेसिंगचं बघ. मी दारात बसून ऐकायचे. मला बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू. त्या दोन वर्षांत आळीतल्या आणखी एका मुलीलाही मी त्याच वर्गाला घालायला सांगितलं होतं. तिच्या बापाने ऐकलं नाही, त्याचं नशीब. माझ्याशी तो काही दिवस बोलत नव्हता, मीच त्याला अडाणी म्हटलं होतं म्हणून.

मग सरकारी भरती निघाली. नर्सच्या जागा. नात रविवारी दुपारी पलंगावर बसून मोबाईलवर अर्ज भरत होती. मी तांदूळ निवडत होते. नाव, पत्ता, जात, बारावीचे मार्क, सगळं झालं. मग ती थांबली.

"आजी, नोंदणी क्रमांक विचारतायत."

"टाक की."

"कुठला टाकू?"

"नाही मिळाला तुला? उद्या मी पेणला येते. नगरपालिकेत आपला माणूस होता, आता त्याचा मुलगा असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती हसेल.

"आजी," ती म्हणाली, "ही जन्माची नोंदणी नाही. नर्सची नोंदणी. नर्सिंग कौन्सिलची."

"मग तीच."

"तीच नाही गो." ती मला गो कधी म्हणत नाही. "तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जातच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पेणला गेलो. मी काम करायचे तेव्हाचे डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांची डॉक्टर सून बघते. तिने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, पोरीला नोंदणी क्रमांक पाहिजे. ती थोडा वेळ पेन फिरवत बसली.

"मावशी, त्याला नोंदणी नसते. तो आपला इथला वर्ग आहे. मुलींना कामाची सवय व्हावी म्हणून. प्रमाणपत्रावर पण तसंच लिहिलंय, अंतर्गत प्रशिक्षण."

"मग सिस्टर कशाला म्हणता?"

"आपण कुठे म्हणतो हो? पेशंट म्हणतात." मग ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्ही तीस वर्षं इथे होतात. मला वाटलं तुम्ही सगळं माहीत असून पाठवलीत, लग्नापर्यंत घराजवळ काम म्हणून."

नात खाली बघत होती. चहा आला, मी प्यायला. मला तेव्हाही राग डॉक्टरणीचा आला नाही. ती खोटं बोलत नव्हती. काचेत बसवलेल्या कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं. मला वाचता येतं. अंतर्गत हा शब्दही येतो.

परत येताना गाडीत मला एकेक आठवायला लागलं. माझ्या वेळी दवाखान्याला वरून तपासणी यायची. ती यायच्या दिवशी सहापैकी चार सिस्टरना सुट्टी असायची. दोघीच यायच्या, ज्या केरळहून शिकून आलेल्या होत्या त्या. बाकीच्या घरी. तपासणीच्या दिवशी काम जास्त, झाडलोट जास्त, आणि ह्यांना सुट्टी, मला नाही, म्हणून मी मोठ्या डॉक्टरांकडे कुरकुरही केली होती. ते म्हणाले होते, "मावशी, तुमच्याशिवाय चालणार नाही." मी खूश झाले होते. त्या चार जणींना सुट्टी का, हा प्रश्न मला तीस वर्षांत एकदाही पडला नाही. मान म्हणून सुट्टी, असं मी धरून चालले.

कासू स्टेशन गेलं तेव्हा हे मी नातीला सांगितलं. सांगायलाच हवं होतं असं नाही, पण सांगितलं.

ती म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात मलाही एक दिवस घरी बसवलं होतं. मला कळेना का. तुला विचारलं, तर तू म्हणालीस, सुट्टी आहे ना, मग झोप."

नागोठणे येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. रडत वगैरे नव्हती. रडली असती तर मी काहीतरी बोलले असते.

घरी मुलाला मी सगळं सांगितलं, सुनेसमोर. सुनेने ऐकलं आणि तवा जोरात आपटला. ती मला कधी उलटून बोललेली नाही, त्या दिवशी म्हणाली, "आई, यादीत नाव लागलं होतं हो तिचं."

मुलगा म्हणाला, "आता बोलून काय उपयोग."

"उपयोग आहे," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पोरीची नाही, तुझी थोडी."

"माझी कशी?"

"तू पन्नाशीला आला आहेस. म्हातारीचं ऐकायचं काय कारण होतं?"

तो उठून बाहेर गेला. आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं होतं. मग त्याने लग्नाचा विषय काढला. बायोडाटात नर्स लिहू, खोटं कुठं आहे, काम तर नर्सचंच करते. नात म्हणाली, "लिहा. आणि मुलाकडच्यांनी भरतीचं विचारलं तर आजीला पुढे करा." विषय तिथंच राहिला.

काचेतलं प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे, मागे भिंतीचा पोपडा दिसेल."

यंदा निकालानंतर दोघी-तिघी आल्या विचारायला. सवयीने आल्या. मी त्यांना सांगितलं, मला काही विचारू नका, शाळेत मार्गदर्शन असेल तिथं जा. तिथं सांगणारा नोंदणी म्हणेल तेव्हा हात वर करून विचारा, कसली नोंदणी, कोण करतं, तिचा क्रमांक कुठं मिळतो. आधी ज्या मुली त्या कोर्समधून बाहेर पडल्या त्यांचा क्रमांक बघायला मागा. दाखवला नाही तर उठून या. एक वर्षात नर्स करतो म्हणणाऱ्याच्या दारात चप्पल काढू नका. आणि घरात माझ्यासारखी कोणी असेल, जिला सगळं माहीत आहे, तर तिला त्या दिवशी घरीच ठेवा. एकीने हे ऐकून विचारलं, "ते व्हय गो काकी, पण हिच्या हाताला गुण हाय का ते तरी बघा." तिच्या मुलीचा हात मी बघितला नाही. बाई नाराज होऊन गेली.

नातीने पुन्हा अर्ज भरायचं ठरवलं. बारावीचे मार्क आहेत ते आहेत, वय बसतं. मोबाईलवर कागद चढत नव्हते म्हणून ती स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जायला निघाली. मी चप्पल घातली, काठी घेतली.

"आजी, तू नको येऊ."

"मी काही बोलणार नाही. बाहेर बसेन."

"तू बाहेर बसलीस तरी मला आत ऐकू येतं," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. छत्री घेऊन गेली.

मी चप्पल काढली. दोन तासांनी ती आली, जेवली, दुपारची गाडी पकडून कामावर गेली. पहिलं नाव तिने कशाचं टाकलं, लॅबचं की खऱ्या नर्सिंगचं, ते मला माहीत नाही. सुनेला माहीत आहे.

याद्या एकेक करून लागल्या. तीन वर्षांत मार्क वर चढले आहेत म्हणतात, तेव्हा ज्या मार्कांवर पहिल्या यादीत नाव आलं त्या मार्कांवर आता येत नाही. पहिल्या यादीत नव्हतं, दुसऱ्या यादीत नव्हतं. तिसरी शुक्रवारी लागली. ती पडवीत उभी राहून बघत होती, अंगठ्याने खाली खाली नेत, मग पुन्हा वरून. मग मोबाईल खिशात टाकला आणि ड्युटीचा पांढरा ड्रेस दोरीवरून काढला. पावसाळी हवेत तो नीट वाळला नव्हता, तिने इस्त्री फिरवून घातला. पेणला तिची एक बाळंतीण होती, तिचे टाके काढायचे होते.

पुढच्या वर्षी परत भरेन, असं तिने जाताना बापाला सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, तिथं ऐकू आलं.